नाव घेण्याची कला: जिझाच्या मागे राहिलेल्या गाण्यांविषयी

न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅपसमूहातल्या जिझाचे नाव निघाले की बहुतेकांचे बोट एकाच अल्बमवर जाते, आणि त्या अल्बममधल्याही तीन-चार गाण्यांवरच थांबते. ७ नोव्हेंबर १९९५ रोजी आलेल्या ‘लिक्विड सोर्ड्स’चे शीर्षकगीत, ‘फोर्थ चेंबर’, ‘शॅडोबॉक्सिन’ आणि ‘कोल्ड वर्ल्ड’ एवढे ऐकले म्हणजे जिझा ऐकून झाला, असे मानण्याची जणू रीतच पडली आहे. ही गाणी थोर आहेत, याविषयी माझा वाद नाही. परंतु त्यांच्याविषयी इतके लिहून झाले आहे की मी त्यात भर घालण्याची गरज नाही. माझे परीक्षण आहे ते त्याच अल्बमच्या आणि पुढच्या चार अल्बमांच्या कोपऱ्यांत राहिलेल्या गाण्यांचे, आणि त्यातही एका विशिष्ट जातीच्या गाण्यांचे, जी जिझाने जवळजवळ प्रत्येक अल्बममध्ये एखादी तरी ठेवली आहे.

ही जात मराठी माणसाला ओळखायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे तिला नाव घेणे म्हणतात. लग्नात, हळदीकुंकवात, डोहाळजेवणात उखाणा घेताना नाव कुठे येणार हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही ते कसे आणले जाते याकडे सगळ्यांचे कान लागलेले असतात. ओळ नुसती नावासाठी ओढूनताणून आणलेली असली की मंडळी हसून सोडून देतात, आणि नाव ओळीच्या अर्थात विरघळून आले की पुन्हा एकदा घ्यायला लावतात. जिझा हेच करतो, फक्त एकाऐवजी तीस-चाळीस नावे घेतो. एका गाण्यात संगीत कंपन्यांची, एकात मासिकांची, एकात प्रसिद्ध व्यक्तींची, एकात फुटबॉल संघांची, एकात मोटारगाड्यांची. प्रत्येक नाव वाक्यात साध्या शब्दाचे काम करत येते; नाव म्हणून ते दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात येते.

अशा गाण्यांसाठी माझी एक कसोटी आहे आणि पुढचे सारे मत तिच्यावरच उभे आहे. नावे झाकून पाहावीत. ही कंपनी आहे, हा संघ आहे, हे आपल्याला ठाऊकच नाही असे समजून ओळ ऐकावी, आणि तरीही तिच्यात कोणी कोणाला काही सांगत आहे असे वाटले तर गाणे उत्तीर्ण. तसे वाटले नाही तर ती यादी आहे, यमक कितीही चोख असले तरी.

पहिले गाणे ‘लेबल्स’. ते ‘लिक्विड सोर्ड्स’वरच आहे, पण अल्बमच्या कौतुकात त्याचा उल्लेख सहसा शेवटच्या ओळीत होतो. ते समजण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागते. गॅरी ग्राइस हा ब्रुकलीनमध्ये १९६६ साली जन्मलेला तरुण ‘द जीनियस’ या नावाने कोल्ड चिलिन या कंपनीकडे गेला आणि १९९१ मध्ये त्याचा ‘वर्ड्स फ्रॉम द जीनियस’ हा पहिला अल्बम निघाला. कंपनीने त्याला नाचण्याजोगे, गुळगुळीत गाणे घेऊन बाजारात उभे केले. अल्बम चालला नाही आणि दोघांचे फाटले. त्याच वर्षी त्याचा मावस-चुलत नात्यातला भाऊ रॉबर्ट डिग्ज, म्हणजे पुढचा रिझा, टॉमी बॉय या कंपनीकडून ‘प्रिन्स रकीम’ नावाने असाच हात पोळून परतला. दोघे एकत्र आले, आणखी मंडळी जमली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये वू-टँग क्लॅनचा पहिला अल्बम आला. पोळलेल्या हातांचा शहाणपणा असा की समूहाचा करार एका कंपनीशी, पण प्रत्येक सदस्याला एकट्याचा अल्बम हव्या त्या कंपनीकडे नेण्याची मुभा. म्हणून मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल’ डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे आणि जिझा गेफनकडे.

‘लेबल्स’च्या आरंभी रिझा बोलतो, आणि त्याच्या बोलण्याचा आशय असा की लेबल वाचत जा, न वाचता प्याल तर विषबाधा होईल. लेबल म्हणजे बाटलीवरची चिठ्ठी, आणि लेबल म्हणजे गाण्यांची कंपनी. एका श्लेषावर संपूर्ण गाण्याचा पाया घालून तो बाजूला होतो आणि जिझा सुरू करतो. पहिलाच घाव टॉमी बॉयवर आहे: टॉमी म्हणजे कोणी आपला पोऱ्या नव्हे, अशा अर्थाचे ते शिवीसकट केलेले विधान आहे, आणि कंपनीचे नाव त्यात मधोमध चिरले गेले आहे. मग डेफ जॅम येते, कोल्ड चिलिन येते, रुथलेस म्हणजे निर्दय हे विशेषण म्हणून येते, जाइव्ह म्हणजे थापेबाजी या मूळ अर्थाने येते, आणि स्लीपिंग बॅग व प्रोफाइल या दोन कंपन्या एकाच दमात, जणू झोपाळलेल्या माणसाचा चेहरा अशा थाटात, येऊन जातात. त्या काळातल्या न्यूयॉर्कच्या रॅपबाजाराचा नकाशाच त्या तीन मिनिटांत पसरलेला आहे.

नावे झाकून पाहिले तर काय उरते? एक चिडलेला कामगार उरतो. मालक आपल्याला कामावर ठेवून मागून डाव खेळतात, दुसऱ्याच्या घामावर मोठे होतात, आणि आता आम्ही तुमच्या दारातून तुम्हालाच उठवून लावणार आहोत, ही तक्रार कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर शोभली असती. मला विशेष आवडते ते हे की यादीत डेफ जॅमही आहे, म्हणजे ज्या कंपनीने वर्षभरापूर्वीच मेथड मॅनचा अल्बम काढला होता तीही सुटलेली नाही. राग आला की माणूस आपल्यांचे घरही वगळत नाही, हे खरे वाटते. रिझाचा ठेकाही या गाण्यात मुद्दाम ओबडधोबड आहे; नावे ऐकू यावीत म्हणून त्याने वाद्यांची गर्दी केलेली नाही.

कसरतीचा विषय निघालाच आहे तर एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बारामतीच्या मोरोपंतांनी अठराव्या शतकात एकशेआठ रामायणे रचली आणि प्रत्येकात काहीतरी बंधन घालून घेतले. त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटावे लागतील अशी अक्षरे घ्यायची नाहीत, म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. आणि म वर्ज्य म्हटल्यावर ज्याचे रामायण त्या रामाचे नावच घेता येत नाही. शाळेत मोरोपंतांची चेष्टा करणारे आम्ही, पण बंधन स्वतःहून घालून घेण्यातली खुमारी मला पुढे कळली ती ‘लेबल्स’सारखी गाणी ऐकताना. जिझाचे बंधन पंतांच्या नेमके उलट आहे: तिथे नाव टाळायचे, इथे नाव टाळता येत नाही. मात्र दोघांचाही धोका एकच आहे, की ऐकणारा कसरतीला टाळ्या वाजवतो आणि कथा विसरतो.

‘लिक्विड सोर्ड्स’ बाजूला ठेवण्याआधी त्यातली आणखी दोन गाणी सांगतो, जी नाव घेण्याच्या जातीतली नाहीत. ‘किला हिल्स १०३०४’मधला आकडा हा स्टेटन आयलंडच्या पार्क हिल भागाचा पिनकोड आहे. गाणे एका गुन्हेगारी जगाचे तुकडे जोडत जाते. त्यात शँपेनच्या बाटलीत दडवलेला बॉम्ब आहे, आणि मॅनहॅटनमधल्या स्पार्क्स स्टेक हाउसबाहेरचा गोंधळ अर्ध्या ओळीत उरकलेला आहे. १६ डिसेंबर १९८५ रोजी माफियाचा प्रमुख पॉल कॅस्टेलानो याला त्याच उपाहारगृहाच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. जिझा हे समजावून सांगत बसत नाही. उपाहारगृहांवर पाळत आहे, तेव्हा जेवण बांधून घ्या, असा व्यवहारी सल्ला देऊन पुढे निघून जातो. दुसरे ‘आय गॉचा बॅक’. ते आधी १९९४ च्या ‘फ्रेश’ या चित्रपटाच्या गाण्यांत आले होते, आणि तो चित्रपट बुद्धिबळ खेळणाऱ्या एका ब्रुकलीनच्या मुलाचा आहे. डेनिस कोवन यांनी काढलेल्या ‘लिक्विड सोर्ड्स’च्या मुखपृष्ठावर बुद्धिबळाच्या पटावर चाललेली लढाई आहे, ती या गाण्यापाशी सर्वांत जवळून लागू पडते. अल्बममधले शेवटचे ‘बी.आय.बी.एल.ई.’ हे गाणेही सुंदर आहे, पण त्यात जिझा नाहीच. ते किला प्रीस्ट या दुसऱ्या रॅपरचे आहे आणि त्याचा ठेका रिझाने नव्हे तर फोर्थ डिसायपलने बांधलेला आहे, म्हणून ते या हिशेबात धरत नाही.

१९९९ च्या जूनमध्ये आलेला ‘बिनीथ द सरफेस’ हा अल्बम मला कधीच मनापासून आवडला नाही. शब्द तेवढेच धारदार, पण ठेके रिझाच्या हातचे जवळपास नाहीत आणि त्याच्या शिष्यांनी बांधलेले ठेके गुरूच्या जुन्या कपड्यांसारखे वाटतात: माप बरोबर, पण ऊब नाही. ‘ॲम्प्लिफाइड सॅम्पल’ आणि ‘स्ट्रिंगप्ले’ ही दोन गाणी त्यातून आवर्जून वेगळी काढावीत. दुसऱ्यात मेथड मॅनचा खरखरीत आवाज आल्याने जिझाच्या सपाट, घाई न करणाऱ्या आवाजाला आपोआप उठाव येतो. या अल्बममधले नाव घेण्याचे गाणे ‘पब्लिसिटी’, आणि त्याचा विषय मासिके. कल्पना चांगली आहे, कारण मासिकांची नावे मुळात आकर्षक साधे शब्दच असतात. तरीही माझ्या कसोटीवर हे गाणे अर्धेच उतरते. नावे झाकली की मागे उरते ती स्वतःची जाहिरात, आणि ‘लेबल्स’मध्ये ज्याच्याशी भांडण होते तसा समोरचा माणूस इथे कोणी नाही. गाणे छोटे आहे एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

डिसेंबर २००२ मधल्या ‘लेजंड ऑफ द लिक्विड सोर्ड’ची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. शीर्षकातच पूर्वीच्या अल्बमची आठवण करून देणारा हा अल्बम बाजारात आला तसा विसरला गेला, आणि जिझाची निष्ठेने वाट पाहणाऱ्या श्रोत्यांपैकीही अनेकांनी तो एकदा ऐकून ठेवून दिला. मीही ठेवून दिला होता. काही वर्षांनी पुन्हा काढला तेव्हा ध्यानात आले की त्यात प्रसिद्ध व्यक्तींच्या नावांवर रचलेले ‘फेम’ हे गाणे सर्वांत कमकुवत आहे आणि नेमके तेच मला त्यातले एकमेव आठवत होते. नटनट्या, खेळाडू, श्रीमंत लोक यांची नावे क्रियापदे होऊन, विशेषणे होऊन येतात आणि पहिल्यांदा ऐकताना हसू येते. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र उखाण्यातल्या चांदीच्या ताटाची आठवण होते: ताट आहे, त्यात बर्फीचे तुकडे आहेत, पण ताटाचा पुढच्या ओळीशी काही संबंध नाही. नावे झाकल्यावर या गाण्यात काही उरत नाही. शिवाय कंपन्या आणि संघ निदान टिकतात; कालची प्रसिद्ध माणसे आज समजावून सांगावी लागतात, त्यामुळे गाणे एका पिढीतच तळटीपांवर आले आहे.

त्याच अल्बममधले ‘ॲनिमल प्लॅनेट’ मात्र पुन्हापुन्हा ऐकावे असे आहे. शीर्षक दूरचित्रवाणीवरच्या वाहिनीवरून घेतले आहे आणि शहरातल्या टोळ्या, दलाल, खबरे, सावकार हे सगळे जंगलातल्या प्राण्यांच्या रूपात फिरतात. आपण पंचतंत्रावर वाढलेली माणसे. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे राजकारण कसे करतात हे आपल्याला दहाव्या वर्षी ठाऊक असते, त्यामुळे प्राण्यांच्या तोंडी माणसांचे व्यवहार घालण्यात आपल्याला नवल वाटू नये. नवल आहे ते वेगळेच. पंचतंत्रात गोष्टीच्या शेवटी कोणीतरी शहाणा होतो. इथे कोणी होत नाही. जो ज्याला खायचा तो त्याला खातो आणि निवेदक निसर्गपटातल्या शांत आवाजात पुढच्या दृश्याकडे वळतो. जिझाच्या आवाजातला जो कोरडेपणा इतर ठिकाणी कधीकधी कंटाळा आणतो, तोच इथे नेमका कामी येतो.

याच अल्बममध्ये ‘ऑटो बायो’ आहे, ज्यात तो हिप-हॉपच्या अगदी आरंभीच्या वर्षांतले आपले बालपण सांगतो, आणि ‘ल्युमिनल’ आहे, जे एका खुन्याच्या मागावरचे अंधारे कथन आहे व ज्याचा ठेका डीजे मग्जचा आहे. ‘स्टे इन लाइन’मध्ये जी गाणारी बाई ऐकू येते ती सँटी व्हाइट, म्हणजे पुढे सँटीगोल्ड या नावाने प्रसिद्ध झालेली गायिका, तिच्या चाहत्यांनी तरी हे गाणे शोधून ऐकायला हरकत नाही.

‘ल्युमिनल’वरचे डीजे मग्जचे नाव पुढच्या मोठ्या कामाची नांदी ठरले. सायप्रस हिल या लॉस एंजेलिसच्या समूहाचा हा ठेकेदार, आणि त्याच्याबरोबर जिझाने २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ग्रँडमास्टर्स’ काढला. माझ्या मते जिझाचा ‘लिक्विड सोर्ड्स’नंतरचा सर्वांत भक्कम अल्बम हाच. संपूर्ण अल्बम बुद्धिबळाच्या डावासारखा रचलेला आहे: ‘ओपनिंग’ने आरंभ, ‘स्मदर्ड मेट’ने शेवट, आणि मधल्या गाण्यांची नावे बुद्धिबळाच्या पुस्तकातल्या प्रकरणांसारखी. ‘स्मदर्ड मेट’ म्हणजे राजा आपल्याच मोहऱ्यांनी इतका वेढलेला असतो की त्याला हलायला घर उरत नाही आणि प्रतिस्पर्ध्याचा घोडा येऊन मात देतो. पटावरची ही सर्वांत अपमानास्पद मात आहे असे म्हणतात, कारण मारेकऱ्याइतकीच ती घरच्यांची करणी असते. मग्जचे ठेके जाड, धुरकट आणि सावकाश आहेत, आणि जिझाला हेच मानवते. वेगवान ठेक्यावर त्याचे शब्द धापा टाकतात, सावकाश ठेक्यावर ते चाल करतात.

या अल्बममधले ‘क्वीन्स गँबिट’ हे नाव घेण्याच्या जातीतले माझ्या मते सर्वांत कुशल गाणे. अमेरिकेतल्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये बत्तीस संघ आहेत आणि त्यांची नावे जायंट्स, सेंट्स, बेअर्स, ईगल्स अशी साधी नामे आहेत, म्हणजे राक्षस, संत, अस्वले आणि गरुड. जिझा या नावांमधून एका स्त्रीची आणि तिच्याभोवतीच्या पुरुषांची कथा सांगतो. अमेरिकन फुटबॉलचे मला अक्षरज्ञान नाही, त्यामुळे पहिल्या दोन-तीन वेळा मी हे गाणे एक बरी प्रेमकथा म्हणून ऐकले आणि त्यात आणखी काही दडले आहे याचा मला पत्ताच नव्हता. न्यू जर्सीत शिकणारा माझा भाचा सुट्टीवर आला असताना ते लावले तेव्हा तो अर्ध्या मिनिटात हसू लागला. म्हणाला, “मामा, थांब, कागद दे.” गाणे पुन्हा सुरुवातीपासून लावून तो वीजबिलाच्या पाठीमागे नावे लिहीत गेला आणि दर थोड्या वेळाने मला गाणे मागे न्यायला सांगत राहिला. बिलाची पाठ भरली तेव्हा माझ्या लक्षात आले की माझी कसोटी मी नकळत आधीच लावून झालो होतो: नावे मला दिसतच नव्हती, आणि गाणे तरीही उभे होते.

शीर्षकाविषयी एक गंमत. इंग्रजी पटावर राणी असते, म्हणून त्या भाषेत डावाच्या आरंभीची ही प्रसिद्ध चाल आणि गाण्यातली स्त्री यांचा श्लेष जमतो. आपल्या पटावर राजाशेजारी राणी बसत नाही, वजीर बसतो. त्यामुळे मराठीत सांगू गेले की श्लेष मरतो आणि एक मिशीवाला गृहस्थ समोर उभा राहतो. गाण्याविरुद्ध एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. या कथेतल्या स्त्रीला स्वतःचे बोलणे असे फारसे नाही. ती पुरुषांच्या नावांच्या ओळीतून चालत जाते, आणि इतक्या कसबी माणसाने तिला एखादी तरी ओळ द्यायला हवी होती असे प्रत्येक वेळी वाटते. याच अनुषंगाने सांगतो की या पाचही अल्बमांत शिव्या आणि हिंसा मुबलक आहे. घरात मुलांसमोर लावण्याआधी विचार करावा.

‘ग्रँडमास्टर्स’मध्येच ‘ऑल इन टुगेदर नाऊ’ आहे. रिझा, जिझा आणि ओल’ डर्टी बास्टर्ड म्हणजे रसेल जोन्स हे तिघे भाऊबंद, आणि वू-टँग क्लॅनच्या कितीतरी आधी या तिघांचाच एक समूह होता, त्याच्या नावातही हेच शब्द होते. १३ नोव्हेंबर २००४ रोजी रसेल जोन्स गेला. त्यानंतर वर्षभराने आलेल्या या गाण्यात उरलेले दोघे त्याची आठवण काढतात. इथे शब्दांची कोणतीही करामत नाही, आणि जिझाच्या गाण्यात करामत नसणे ही मोठी घटना असते. ज्या माणसाने कंपन्या, मासिके, संघ सगळ्यांची नावे खेळवली, त्याला इथे एकच नाव घ्यायचे आहे आणि ते तो सरळ घेतो.

उरला ‘प्रो टूल्स’. १९ ऑगस्ट २००८ रोजी आलेला हा अल्बम आजवरचा त्याचा शेवटचा एकल अल्बम आहे. विश्वाच्या उत्पत्तीवरचा ‘डार्क मॅटर’ हा अल्बम त्याने २०१२ पासून सांगितला होता, त्यासाठी शास्त्रज्ञांच्या भेटी घेतल्या होत्या, पण अल्बम म्हणून तो आलेला नाही. ‘प्रो टूल्स’ हे ध्वनिमुद्रणाच्या संगणकीय साधनाचे नाव, आणि अल्बममधल्या पहिल्याच पूर्ण गाण्याचे नाव ‘पेन्सिल’. हा विनोद मला फार आवडतो. अल्बम प्रसिद्ध झाला तेव्हा चर्चा सगळी ‘पेपर प्लेट’ची झाली, कारण त्यात फिफ्टी सेंट या रॅपरवर टीका होती. भांडणे शिळी होतात, आणि हे गाणेही झाले आहे.

नाव घेण्याचे इथले गाणे ‘०% फायनान्स’, मोटारगाड्यांचे. मोटारकंपन्या आपल्या गाड्यांना एक्सप्लोरर, नेव्हिगेटर अशी प्रवाशांची आणि खलाशांची नावे ठेवतात, त्यामुळे कच्चा माल आयताच तयार असतो, आणि कदाचित म्हणूनच जिझाला इथे फार घाम गाळावा लागलेला नाही. ‘फेम’हून हे गाणे कितीतरी चांगले आहे, कारण नावे झाकली तरी कोणीतरी कुठेतरी निघाले आहे याची जाणीव राहते. ‘क्वीन्स गँबिट’च्या पंक्तीत मात्र मी ते बसवणार नाही. शीर्षक तेवढे दहापैकी दहा गुणांचे आहे. बिनव्याजी कर्जाच्या जाहिराती पाहून गाडी घेतलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. रॉक मार्सीने म्हणजे रॉक मार्सियानोने बांधलेले ‘शॉर्ट रेस’ आणि ब्लॅक मिल्कचे ‘सेव्हन पाउंड्स’ हीदेखील ठेक्यासाठी ऐकावीत.

आणि मग ‘फायरहाउस’, ज्याच्यासाठी मी हा अल्बम विकत घेऊन ठेवला आहे. त्यात जिझाबरोबर ब्रुकलीनच्या ब्राउन्सव्हिल भागातला ‘का’ नावाचा रॅपर आहे. तोवर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. तरुणपणी एका समूहात राहून, यश न मिळाल्याने तो रॅपपासून दूर गेला होता आणि न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात नोकरी करत होता. फायरहाउस म्हणजे अग्निशमन दलाचे ठाणे. ‘का’ जवळजवळ कुजबुजत बोलतो, ठेका त्याच्या आवाजाखाली वाकतो, आणि वयाने व नावाने मोठा असलेला जिझा त्याला पुरेशी जागा देतो, पाहुण्याला पाटावर बसवून स्वतः बाजूला सरकल्यासारखी. पुढेही ‘का’ आपले अल्बम स्वतःच काढत राहिला, स्वतःच विकत राहिला, आणि दलात कप्तानपदापर्यंत चढत नोकरीही करत राहिला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. त्याच्या २०१३ मधल्या अल्बमचे नाव ‘द नाइट्स गँबिट’. लिहिताना त्यात रात्र आहे, आणि कानाला ऐकू येतो तो पटावरचा घोडा.